डाग कमी झाले, पण गोळे वाढले

डॉक्टर मॅडम,
माझं माहेर उरणजवळचं. लग्न होऊन जालन्याला आले त्याला अकरा महिने झाले. मिस्टर रोलिंग मिलमध्ये भट्टीपुढे असतात, वय २९. फेब्रुवारीत त्यांनी हे काम धरलं, तेव्हापासून निळ्या युनिफॉर्मवर पाठीला, काखेत, कॉलरला पांढरे नकाशे उमटतात. घरी येतात तेव्हा कपाळावर, कानशिलांवर पांढरी भुकटी असते, हात फिरवला की बारीक रव्यासारखी लागते. माहेरी बाबा आणि काका दिवसभर घामाने निथळायचे, पण असं कधी पाहिलं नव्हतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, अंगात मीठ जास्त झालं की असं बाहेर फुटतं, उद्या किडनीवर जाईल, जेवणातलं मीठ तोड. सासूबाईंना बीपी आहे, त्यांचं तसंही कमीच असतं. म्हणून महिनाभर कुणालाच न सांगता मी भाजी-आमटीत मीठ अगदी नावाला घालते. डाग खरंच कमी झालेत. पण आठ दिवसांपासून रात्री ह्यांच्या पोटऱ्यांत गोळे येतात, ड्युटीवरून आले की डोकं दुखतं. तुझ्या हाताची चव गेली म्हणतात. परवा ताटावरून उठून गेले. मोबाइलवर वाचलं की खारट घाम हा आनुवंशिक आजार असतो. मीठ अजून कमी करू का? पाठीवर काही पांढरट ठिपके आहेत, ते आंघोळीनेही जात नाहीत. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, बाकी सगळं बोअरचं.
– एक सून, जालना

अगं, आधी आजच्या भाजीत नेहमीसारखं मीठ घाल. हे उत्तर मग वाच.

तू माझ्या मुलीपेक्षा लहान दिसतेस, म्हणून अगं-तुगं करते. तुला रागावायला मी बसलेले नाही, कारण तू जी चूक केलीस ती मी डॉक्टरकीची पदवी भिंतीवर लावून केली होती. ते पुढे सांगते.

काकूंचा तर्क ऐकायला बिनतोड आहे. बाहेर येतंय, म्हणजे आत जास्त झालं असणार. आता तुमच्या ओट्यावरच्या माठाकडे बघ. बोअरचं पाणी भरत असशील तर एका उन्हाळ्यात त्याच्या पोटावर बाहेरून पांढरा थर चढला असेल. माठाची माती पाझरते, पाणी बाहेरच्या अंगाला येऊन उडून जातं, जाताना उष्णता घेऊन जातं, म्हणून आतलं पाणी गार राहतं. पाण्यातले क्षार मात्र उडू शकत नाहीत. ते तिथेच बसतात. तुझा नवरा भट्टीपुढे उभा राहून नेमकं हेच करतो. माठावर थर आला म्हणून कुणी माठ भरायचं थांबवत नाही.

शर्टावर दिसतं ते त्याच्या अंगातून गेलेलं मीठ. ते जास्त होतं म्हणून गेलं नाही, अंग गार ठेवताना पाण्याबरोबर गेलं.

थोडं आतलं सांगते, म्हणजे काकूंशी बोलताना तुझ्याकडे उत्तर असेल. आपल्या अंगावर घामाच्या वीस ते चाळीस लाख ग्रंथी असतात. प्रत्येक ग्रंथी म्हणजे तळाशी वेटोळं घातलेली एक बारीक नळी. वेटोळ्यात जो घाम तयार होतो तो जवळजवळ रक्तातल्या पाण्याइतकाच खारट असतो. वर येताना नळीच्या भिंती त्यातलं मीठ परत ओढून घेतात, आणि त्वचेवर येतो तो बराच फिका घाम. पण या ओढून घेण्याला वेळ लागतो. एसटी सावकाश रिकामी होत असेल तर दारातला कंडक्टर प्रत्येकाचं तिकीट बघतो, सगळी गाडी एकदम उतरली की निम्मी माणसं तशीच निघून जातात. घाम हळूहळू येतो तेव्हा मीठ वाचतं. भट्टीतून १,१०० अंशांच्या वर तापलेलं लालभडक बिलेट, म्हणजे पोलादाचा लांब ठोकळा, समोरून जात असताना घाम धो धो सुटतो, तेव्हा मीठ निसटतं.

किती निसटतं हे माणसामाणसावर आहे. एक लिटर घामात अर्ध्या-पाऊण ग्रॅमपासून पाच ग्रॅमपर्यंत मीठ असू शकतं, पुष्कळांचं दोन-अडीच ग्रॅमच्या आसपास असतं. काहींचा घाम जन्मतःच जास्त खारट असतो. त्यात रोग काही नाही, उंची-रंगासारखीच ती ठेवण. तुझा नवरा त्यातला असू शकतो. घामात सगळ्यात जास्त हे साधं जेवणातलंच मीठ. त्याखेरीज थोडं पोटॅशियम, थोडं लॅक्टेट, युरिया, आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम नावापुरतं. भुकटी रव्यासारखी लागते असं तू लिहिलंस ते बरोबर आहे. मिठाचे स्फटिक चौकोनी, कोपरे असलेले असतात, बोटाला ते टोचतात.

मग उरणला असं का दिसत नव्हतं? तू मिठागरांच्या मुलखातली, तुला हे माझ्यापेक्षा आधी कळायला हवं होतं. आगरातल्या वाफ्यात खारं पाणी कितीही भरलं तरी ऊन आणि कोरडा वारा मिळाल्याशिवाय मीठ पिकत नाही, आणि पहिला पाऊस पडला की खेळ संपतो. मिठाचा एक हिशेब आहे. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागतं. म्हणूनच तुमच्याकडे मिठाच्या बरणीत तांदूळ टाकतात. कोकणात घाम अंगावर सुकतच नाही, तो ओघळतो, शर्ट ओला तो ओलाच. मीठ तिथेही जातं, पण दिसत नाही. जालन्याच्या एप्रिल-मेमध्ये हवा लाकडासारखी कोरडी, त्यात मिलमधले ते मोठे पंखे. शर्ट दहा मिनिटांत वाळतो आणि कापडावर मिठागर उभं राहतं. तुझ्या बाबांच्या अंगावर डाग नव्हते म्हणून ते जावयापेक्षा निरोगी, असा अर्थ काढू नकोस.

उलट कोरड्या हवेचा एक फायदाच आहे. ओघळून गेलेला घाम अंगाला गार करत नाही, अंगावर उडून गेलेलाच करतो. एक लिटर घाम असा उडाला की सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बरोबर नेतो. तो पांढरा नकाशा म्हणजे घामाने आपलं काम केल्याची पावती आहे.

आता तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त खटकलेलं वाक्य: ‘डाग खरंच कमी झालेत.’

तुला वाटलं उपाय लागू पडला. ही जागा फार फसवी आहे, चांगली माणसं इथे फसतात. डाग दोन कारणांनी कमी झाले असणार. पहिलं चांगलं आहे. नवीन माणूस भट्टीवर गेला की आठ-पंधरा दिवसांत त्याचं शरीर उष्णतेला सरावतं. घाम लवकर सुटायला लागतो, जास्त येतो, पण फिका येतो. दुसरं कारण तू आहेस. जेवणातलं मीठ तुटलं की मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी अल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक जास्त सोडतात. लघवीतून आणि घामातून मीठ जाऊ देऊ नका, असा त्याचा हुकूम असतो. म्हणजे घरात धान्य संपत आलं की बाई जशी मापटं अर्धंच भरते, तसं त्याच्या शरीराने हात आखडता घेतला. डाग कमी झाले ते टंचाईमुळे. आणि आखडून आखडून किती आखडणार? फिका झाला तरी भट्टीपुढचा घाम लिटरांनी जातो. ही काटकसर पुरेनाशी झाली तेव्हा पोटऱ्यांत गोळे आले.

हे काही नवं ज्ञान नाही. १९२०च्या दशकात इंग्लंडमधल्या खोल, तापलेल्या कोळसा खाणींतले कामगार असेच गोळ्यांनी तळमळायचे. जॉन स्कॉट हाल्डेन या शरीरशास्त्रज्ञाने दाखवलं की ही माणसं घामाने मीठ घालवतात आणि वरून नुसतं पाणी पितात, त्यामुळे उरलेलं मीठही पातळ होतं. पिण्याच्या पाण्यात थोडं मीठ घातलं की गोळे थांबत. (त्यांचाच मुलगा जे. बी. एस. हाल्डेन १९५७ साली भारतात आला आणि इथलाच झाला. भुवनेश्वरला त्यांचा शेवट झाला.) सगळेच गोळे मिठाच्या तुटीने येतात असं मात्र नाही, स्नायू थकल्यानेही येतात. पण भट्टीचं काम, महिनाभर अळणी जेवण, वरून डोकेदुखी, एवढं एकत्र आल्यावर मी दुसरं कारण शोधायला आधी जाणार नाही.

माझी चूक. दवाखाना काढून दोनच वर्षं झाली होती. वीटभट्टीवरचा एक माणूस चक्कर येते म्हणून आला. बीपी थोडं वर होतं. मी पुस्तकातलं वाक्य म्हणून दाखवलं, मीठ बंद, पापड-लोणचं बंद. महिना एप्रिलचा. तो बिचारा आज्ञाधारक निघाला. पाचव्या दिवशी त्याला दोघांनी धरून आणलं, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. सलाइन लावलं, संध्याकाळी घरी गेला. जाताना म्हणाला, बाई, तुम्ही सांगितलं तसं सगळं पाळलं. ते वाक्य मला अजून टोचतं. त्याचं काम काय, तो किती घामेजतो, हे मी विचारलंच नव्हतं.

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते. ते बरोबरच आहे, माझ्यासारख्या पंख्याखाली बसणाऱ्या बाईसाठी आणि तुझ्या सासूबाईंसाठी. तुझ्या नवऱ्याचा हिशेब वेगळा. समज पाळीभरात चार लिटर घाम गेला. अडीच ग्रॅमच्या हिशेबाने दहा ग्रॅम मीठ गेलं, म्हणजे चहाचे जवळजवळ दोन सपाट चमचे. हे अंदाजाने कशाला घ्यायचं, मोजता येतं. घरात वजनकाटा नसेल तर कोपऱ्यावरच्या रेशन दुकानात किंवा भंगारवाल्याकडे असतो. त्याला सांग, ड्युटीला जाताना आणि येताना कोरड्या कपड्यांत वजन कर. जितके किलो कमी, तितके लिटर पाणी भरून यायचं राहिलं. त्यात पाळीत प्यायलेलं पाणी मिळव, म्हणजे एकूण किती घाम गेला ते कळेल. एक किलोपेक्षा जास्त घट रोज येत असेल तर तो पाणी कमी पितोय. वजन वाढून आलं तर नुसतं पाणी ढोसतोय, आणि तेही बरं नाही. त्यानेच रक्तातलं सोडियम उतरतं आणि डोकं दुखायला लागतं, मळमळतं.

मग आता घरात काय करायचं? सासूबाईंचं बीपी आणि मुलाची भट्टी, आणि चूल एक. वेगळा स्वयंपाक करत बसू नकोस. भाजी-आमटीत मीठ सासूबाईंच्या मापाने, पण चव लागेल इतकं. त्याचं मीठ ताटात. आपल्याकडे पान वाढताना आधी मीठ वाढायची पद्धत आहे ती कशाला आहे? त्याच्या पानात ठेचा, लोणच्याची फोड, चिमूटभर मीठ. जेवणाबरोबर मोठा ग्लास ताक, त्यात पाव चमचा मीठ आणि जिऱ्याची पूड. ड्युटीवर नेण्यासाठी एक लिटरची बाटली लिंबू सरबताची, त्यात सपाट अर्धा चमचा मीठ आणि थोडी साखर. उरणहून कोकमाचं आगळ येत असेल तर लिंबाऐवजी तेच वापर, मला तर तेच आवडतं. कैरीचा हंगाम असेपर्यंत पन्हं. हे सगळं साध्या पाण्याबरोबर, पाण्याऐवजी नव्हे. साधं पाणी दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला, पण तासाला दीड लिटरच्या वर नको. अर्धा तास काम, अर्धा तास विसावा अशी पाळी लावतात पुष्कळ मिलमध्ये. प्यायची वेळ विसाव्याचीच.

मिठाच्या गोळ्या किंवा मूठभर मीठ गिळून वर पाणी, हे प्रकार नकोत. पोटात जळजळ होते, उलटी होते, होतं तेही जातं. फारच घाम झालेल्या दिवशी दवाखान्यात मिळतं ते ओआरएस चालेल. एका लिटरच्या पाकिटात २.६ ग्रॅम मीठ असतं, वर पोटॅशियम आणि ग्लुकोज. पूर्ण पाकीट पूर्ण लिटरमध्ये, अर्धं-अर्धं नाही. सुट्टीच्या दिवशी मात्र ही जादाची बाटली बंद. तो घरी लोळत असेल तेव्हा त्यालाही सासूबाईंचाच नियम. आणि रजा घेऊन दोन-तीन आठवडे उरणला राहून आलात, तर परत भट्टीवर गेल्यावर पहिला आठवडा पुन्हा नवख्यासारखा धरायचा. सराव मोडलेला असतो, डाग पुन्हा ठळक येतील.

याच आठवड्यात एक काम मात्र डॉक्टरांकडे. त्याचं बीपी मोजून घ्या, रक्तातलं सोडियम, पोटॅशियम आणि किडनीचं काम दाखवणारं क्रिॲटिनिन तपासा. गोळे आणि डोकेदुखी आठ दिवस चाललीय, नुसत्या ताकावर सोडून द्यायचं नाही. बीपी वाढलेलं निघालं तर वर लिहिलेली मापं बाजूला ठेव आणि त्या डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांग, की हा माणूस भट्टीपुढे काम करतो. डॉक्टर विचारत नाहीत, माझ्यावरून ओळख. आणि कधी तो असंबद्ध बोलायला लागला, झटका आला, उलट्या थांबेनात, अंग तापून लाल आणि शुद्ध हरपल्यासारखी, तर पाणी पाजत बसू नका. १०८ला फोन, सावलीत आडवा, अंगावर पाणी आणि वारा.

किडनीची भीती उरलीच असेल, तेवढी घालवते. मूत्रपिंडं पार निकामी झाल्यावर त्वचेवर युरियाचे पांढरे कण जमतात, हे खरं आहे. पण तो माणूस अंथरुणाला खिळलेला असतो, पाळी करून ताटावरून उठून जाण्याइतका जोर त्याच्यात नसतो. डायलिसिस आल्यापासून तर डॉक्टरांनाही ते क्वचितच बघायला मिळतं. किडनीला खरा धोका आहे तो रोज कोरडं पडण्याचा. लघवी गडद पिवळी, थोडी थोडी, असं चालू राहिलं तर.

मोबाइलवर वाचलेला आनुवंशिक आजार म्हणजे सिस्टिक फायब्रोसिस. त्यात नळीतली मीठ परत ओढणारी वाटच बंद असते, म्हणून घाम फार खारट. १९४८ साली न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली, तेव्हा गळून गेलेली जी मुलं इस्पितळात आली त्यांत या आजाराची मुलं डोळ्यांत भरण्याइतकी होती. त्या धाग्यावरून पॉल दि सांत-आन्येसे यांनी १९५३ मध्ये दाखवून दिलं की दोष घामातच आहे, आणि आजही या आजाराचं निदान मुख्यतः घाम तपासूनच होतं. पण हा आजार बहुतेकदा लहानपणीच डोकं वर काढतो. वारंवार छाती भरणं, तेलकट शौच, वजन न वाढणं. २९ वर्षं धडधाकट राहून भट्टीवर उभ्या राहणाऱ्या माणसाला तो लावू नकोस. पुढे कधी तुझ्या बाळाची पापी खारट लागली आणि बाळ वजनही धरेना, तर दाखव. नवऱ्याची खारट लागते त्यात तपासण्यासारखं काही नाही.

एका आजाराचं मात्र नाव घेऊन ठेवते, ॲडिसनचा. त्यात अल्डोस्टेरॉनच कमी पडतं. मीठ खावंसं वाटतं, अशक्तपणा, बीपी खाली, आणि उन्हाशिवाय तळहाताच्या रेषा, हिरड्या काळवंडतात. दुर्मीळ आहे. पत्रात तसं काही नाही. तपासायला जाल तेव्हा डॉक्टर बघतीलच.

पाठीवरचे ठिपके वेगळे आहेत, त्यांची मिठाशी गल्लत करू नकोस. ओलं बोट फिरवून बघ. मीठ असेल तर विरघळून जातं, त्वचा खालून स्वच्छ निघते. जे आंघोळीने जात नाही, पाठ-छाती-मानेवर असतं, नखाने खरवडलं की कोंडा सुटतो, ती बहुतेक शिबं. ती बुरशी आपल्या त्वचेवर असतेच, घामाच्या दिवसांत फोफावते. त्वचेच्या डॉक्टरांकडून मलम किंवा औषधी शाम्पू मिळतो, आठ-पंधरा दिवसांत बुरशी मरते. रंग परत यायला मात्र महिने लागतात, तोवर ‘औषध लागू पडलं नाही’ म्हणून नवी ट्यूब आणायची नाही. मेडिकलमधली ती सगळ्या रोगांवरची मिक्स ट्यूब तर घरात आणूच नकोस, तिच्यातलं स्टिरॉइड आधी बरं वाटवतं आणि मग दुप्पट पसरवतं.

अंगावर सुकलेल्या मिठाने त्वचेचा रोग होत नाही, पण ते वाळूसारखं घासतं. कॉलर, कमरपट्ट्याची जागा, काखा, जांघा, तिथे सोलवटतं आणि मग पुढचा घाम त्यावर आला की शब्दशः जखमेवर मीठ. तो आल्या आल्या कोरड्या टॉवेलने खसाखसा पुसत असेल तर ते थांबव. पाण्याची टंचाई आहे, मान्य. पण मीठ घालवायला बादली लागत नाही. एका तांब्यात पंचा भिजवून, पिळून, दोनदा पुसलं की बहुतेक निघून जातं. शेवटी एक तांब्या वरून. साबण काखा-जांघांपुरता. ड्युटीला निघताना घासणाऱ्या जागी खोबरेल तेलाचं बोट. पावडर नको, घामात तिचा चिखल होतो. लाल बारीक पुरळ येऊन चावत असेल तर ते घामोळं, नळीचं तोंड बंद झाल्याने येतं. त्याला सैल सुती कपडे आणि वारा.

युनिफॉर्मला गरम पाणी वाया घालवू नकोस. मीठ गारात जितकं विरघळतं, उकळत्यात त्याहून फारसं जास्त विरघळत नाही. अर्धी बादली साध्या पाण्यात अर्धा तास भिजवलं की नकाशा गेला. ते पाणी तुळशीला घालू नकोस, मोरीलाच जाऊ दे. धुऊन वाळवल्यावरही पांढरटपणा राहत असेल तर तो नवऱ्याचा नाही, बोअरचा. ते कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार, साबणाशी मिळून कापडात बसतात, माठावरच्या थराचे भाऊबंद. शेवटच्या पाण्यात लिंबाचा रस किंवा थोडं व्हिनेगर टाकून खळबळ, निघतील. नळाचं पाणी येतं त्या दिवशी युनिफॉर्मचा नंबर आधी लाव.

राहिलं ताटावरचं भांडण. ते मिठाचं कमी आणि न सांगण्याचं जास्त आहे. त्याला वाटतंय तुझं लक्ष नाही. तू महिनाभर त्याच्या किडनीच्या काळजीने रोज चमचा अर्धा करत होतीस, हे त्याला माहीतच नाही. आज जेवायला बसण्याआधी सांगून टाक, शेजारच्या काकूंचं नाव न घेता. तुझी चूक म्हणून सांग, त्यांच्यावर ढकलू नकोस. त्या उद्याही शेजारीच राहणार आहेत. सासूबाईंनाही सांग. मुलाच्या अंगावर पांढरं दिसलं म्हणून त्या एव्हाना मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढायला लागल्या असतील, तर काढू दे. ओवाळून टाकलेलं ते मीठ कुणाच्या बीपीच्या हिशेबात येत नाही.

ताक आणि सरबत सुरू केल्यावर गोळे दोन-चार दिवसांत कमी व्हायला हवेत. नाही झाले तर रिपोर्टची वाट न बघता परत डॉक्टरांकडे जा. आणि आठवड्याभराची जाताना-येतानाची वजनं एका कागदावर लिहून मला पाठव. डाग पुन्हा ठळक झाले असतील, तेही लिही. त्याने तू घाबरणार नाहीस अशी आशा आहे.